घरच्या शांतीसाठी

वर्ष सरत आलं होतं आणि त्याला निरोप देताना चर्चच्या मंडळीतल्या कुणाचाही जीव हळहळत नव्हता. चाळीस कुटुंबांची तेवीस झाली होती. कारखाना बंद पडला, माणसं पोटामागे पांगली. चर्चच्या छपराची गळती थांबवायला कारागीर दोनदा आले आणि गळती फक्त जागा बदलून बसली. पाळकसाहेब तीन महिने अंथरुणाला खिळले, ते उठले निम्मे होऊन. आणि सप्टेंबरात घड्याळजीची बायको गेली.

या सगळ्याचा अहवाल लिहायचं काम अक्षरबाईंकडे होतं. शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं दाखले लिहून त्यांचं अक्षर मोत्यासारखं झालं होतं, म्हणून हे नाव. मंडळीची प्रार्थनेची वहीही त्याच लिहीत. ज्याला जे मागायचं ते त्यानं बाईंना सांगावं, बाईंनी वहीत उतरवावं आणि रविवारी पाळकांनी वहीतलं अक्षर न अक्षर मोठ्यानं वाचावं, अशी जुनी रीत होती. प्रत्येक मागणीनंतर मंडळी म्हणे, "प्रभो, ऐक."

आता चारचौघांत वाचायचं म्हणजे कुणाची अब्रू उघड्यावर यायला नको. म्हणून बाई सांभाळून लिहीत. कुणाचा दारुडा मुलगा वहीत आला की 'योग्य मार्ग सापडावा म्हणून' व्हायचा. भावाभावांची डोकी फुटली तर 'ऐक्यासाठी'. या कलेचा त्यांना मनातून अभिमानही होता. प्रार्थना ऐकली गेली की त्या नोंदीसमोर लाल शाईनं बरोबरची खूण करत, आणि वर्षाअखेरी अशा खुणांचा आकडा अहवालात देत.

शनिवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत बाई तेच मोजत बसल्या होत्या. चहा कधीच गार झाला होता. पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं. 'घरच्या शांतीसाठी.' जानेवारी, मार्च, जून, ऑगस्ट. चारही वेळा मागणारी एकच, घड्याळजीची बायको.

घड्याळजी मंडळीचा ऑर्गन वाजवी. बोलायला गोड, सगळ्यांची घड्याळं फुकटात दुरुस्त करून देणारा. त्याची बायको दर शनिवारी वेदीवरच्या कापडाला इस्त्री करी, एक सुरकुती राहू देत नसे. आणि ऐन उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या घाली. "हिला उन्हातही हुडहुडी भरते," असं बायका चेष्टेनं म्हणत. बाईही हसल्या होत्या.

ऑगस्टमध्ये ती याच खोलीत येऊन म्हणाली होती, "ताई, तो मारतो हो. तुमची वरची खोली रिकामीच आहे ना? थोडे दिवस मला ठेवून घ्या."

बाईंनी तिचा हात हातात घेतला होता. "अगं, असं घर सोडून कसं चालेल? आपण प्रार्थना करू," म्हणाल्या आणि सुबक अक्षरात ते दोन शब्द लिहिले. रविवारी पाळकांनी वाचले. ऑर्गनवर बसलेला घड्याळजीही सगळ्यांबरोबर म्हणाला, "प्रभो, ऐक." पुढच्या महिन्यात ती जिन्यावरून पडून गेली, असं त्यानं सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. मंडळीच्या मृत्यूच्या नोंदीत 'पडून' हा शब्दही बाईंच्याच हातचा होता.

जूनच्या ओळीसमोर लाल खूण होती. तेव्हा ती म्हणाली होती, "आता बरं आहे." काय बरं आहे, ते बाईंनी विचारलं नव्हतं. आता मात्र ते घर खरंच शांत झालं होतं. बाईंना भडभडून आलं.

तेवढ्यात दार वाजलं. बेकरीवाल्यांची सून आत आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डावं मनगट तिनं उजव्या हातानं धरून ठेवलं होतं.

"मावशी, लिहून घेता ना? घरच्या शांतीसाठी."

बाईंनी मान वर केली. "हे शब्द तुला कुणी सांगितले?"

"सासूबाईंनी. म्हणाल्या, वहीत असंच लिहितात."

मनगट टम्म सुजलं होतं. बाईंनी वही आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. "काय झालं ते तूच लिही."

"माझं अक्षर फार वाईट आहे, मावशी."

"असू दे. माझ्या चांगल्या अक्षरापायी एक बाई गेली."

"पण उद्या पाळक हे मोठ्यानं वाचतील. आमचे हे तिथेच बसलेले असतील. मग घरी गेल्यावर..."

"घरी जायचंच नाही. आधी दवाखान्यात जाऊ, मग माझ्या वरच्या खोलीत. चार महिन्यांपूर्वीच उघडायला हवी होती ती."

रविवारी उपासनेला निम्मे बाक रिकामे होते. वेदीवरचं कापड चुरगळलेलं होतं. ते काम अजून कुणी अंगावर घेतलं नव्हतं. बाई अहवाल वाचायला उभ्या राहिल्या. छप्पर झालं, पाळकांचं आजारपण झालं, गेलेल्या कुटुंबांची नावं झाली.

"ऐकल्या गेलेल्या प्रार्थनांचा आकडा यंदा मी देणार नाही," त्या म्हणाल्या. "घड्याळजींच्या बायकोनं शांती मागितलीच नव्हती. 'तो मारतो, मला ठेवून घ्या,' असं म्हणाली होती ती. मी ते लिहिलं नाही आणि तिला ठेवूनही घेतलं नाही."

"बाई, तोंड सांभाळा!" घड्याळजी ताडकन उठला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही आणि कुणी त्याची बाजूही घेतली नाही.

पाळक कसनुसे झाले. "बाई, ही काय जागा आहे का हे बोलायची?"

"मग कोणती, साहेब? ती तर इथेच आली होती."

पाळकांनी वही उघडली आणि नेहमीसारखं वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीवर ते अडखळले. अक्षर वाकडंतिकडं होतं. पाळक अडखळताच सासूनं, बेकरीवालीनं, बाकावरून मान उंचावली. सून काल घरी आली नव्हती, तेव्हा तिला कळायचं ते कळलं. "पाळकसाहेब, ते राहू द्या. घरातली गोष्ट आहे."

पाळकांनी चष्मा पुसला. चुरगळलेल्या कापडाकडे थोडा वेळ पाहिलं. मग वाचलं, "'नवरा मारतो. मला परत पाठवू नका.'"

सवयीनं दोन-चार तोंडं उघडली, "प्रभो..."

"थांबा," पाळक म्हणाले. आवाज फार थकलेला होता. "प्रभूनं चारदा ऐकलंय. आता आपण ऐकू."

मागच्या बाकावर अक्षरबाईंच्या रिकाम्या जागेशेजारी सून हात झोळीत घेऊन बसली होती. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि लाल पेनाला त्यांनी टोपण लावलं. प्रार्थना ऐकली गेल्याची ती खूण आता त्यांच्या एकटीच्या हातात राहिली नव्हती.