थंडीसाठी ठेवलेली अंडी

उन्हाळ्यात म्हातारीच्या कोंबड्या अंडी द्यायला लागल्या की थांबायचं नाव घेत नसत. टोपलीत अंडी, फळीवर अंडी, एकदा तर मुलाच्या बुटात अंडं. म्हातारी झाकलेली वाटी घेऊन येताना दिसली की शेजारीण दाराआडूनच ओरडायची, "अहो, कालचीच संपली नाहीत!" आणि थंडी पडली की त्याच कोंबड्या पिसं टाकून, माना आत ओढून नुसत्या बसून खायच्या.

सून दवाखान्यात नर्स होती. सकाळी कायम घाईत. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, दाणे आपण घालायचे आणि थंडीत अंडी मात्र मी दुकानातून आणायची, असं कुठं असतं? येत्या थंडीत घरात विकतचं एक जरी अंडं आलं, तर कोंबड्या माझ्या बहिणीकडे. तिच्याकडे मोठं आवार आहे."

"आणि नाही आलं तर?"

"तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

नवरा गेल्यापासून सकाळी तिच्या हाकेसरशी धावत येणाऱ्या तेवढ्या कोंबड्याच होत्या. मुलाला हाक मारली तर तो पांघरूण आणखी वर ओढायचा. तरी म्हातारी म्हणाली, "ठरलं."

दुसऱ्याच दिवशी तिनं चांगली निवडून अंडी फ्रीझरमध्ये रचली. सकाळी बघते तर सगळी तडकलेली, आणि एकानं तर सुनेच्या आइस्क्रीमच्या डब्यावर जीभ बाहेर काढली होती.

कोपऱ्यावरचा बेकरीवाला पोट धरून हसला. "मावशी, गोठलं की फुगतं. काचेची बाटली फुटते, तिथं कवचाची काय कथा! फोडून फेटा. फेस नको, नुसतं एकजीव करा. वर चिमूटभर मीठ, नाहीतर पिवळं डिंकासारखं होतं. केकला लागणार असतील तर मिठाऐवजी साखर. आणि वापरायच्या आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, बाहेर ओट्यावर नाही."

म्हातारी कामाला लागली. मिठाची अंडी बर्फाच्या गोल साच्यांत, साखरेची चौकोनी साच्यांत. घट्ट झाली की तुकडे पिशव्यांत भरायचे. मुलानं एकदा संत्र्याचा बर्फ समजून दोन तुकडे सरबतात टाकले. पहिल्याच घोटाला त्याचं तोंड असं झालं की सासू-सुना दोघी हसून हसून बेजार.

थंडी आली. कोंबड्यांनी आपला संप पुकारला. सून रोज रात्री वाटीत गोल तुकडे काढून ठेवायची आणि सकाळी आमलेट खाऊन कामावर पळायची. चांगलं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. एकदा फक्त "फोडायची कटकट नाही" एवढं तिच्या तोंडून निसटलं.

वांधा झाला तो मुलाचा. त्याला तव्यावरचं अख्खं अंडं लागे, बलक पिवळाधमक उभा, पाव बुडवून खायला.

"आई, एकदाच अख्खं अंडं कर ना."

"फेटलेला बलक आता कसा उभा करू? जा, खुराड्यापाशी बस आणि त्यांच्या विनवण्या कर."

थंडी सरत आली होती. एका संध्याकाळी मुलगा घरी आला तो कोटाच्या खिशावर हात धरून, दबकत. तो उंबऱ्यापाशी पोचला न पोचला, तोच वारा आत येतोय म्हणून सुनेनं धावत येऊन दार लोटलं. दार खिशावर बसलं. कच्च!

कोटावरून पिवळी धार ओघळली.

"हे काय?"

"अं... अंडं."

"कुठलं?"

"दुकानातलं. एकच गं. तू झोपल्यावर गुपचूप करणार होतो."

म्हातारीनं खुर्चीतूनच सगळं पाहिलं. इतके दिवस निभावलं आणि पोटच्या पोरानंच घात केला. पण ती शब्दाची पक्की होती. "ठरलं ते ठरलं," ती हळूच म्हणाली. "बोलाव तुझ्या बहिणीला."

सुनेनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या पायांकडे. मग ती खाली वाकली.

"अहो, हलू नका! आई, इकडे या. हे बघा, हे उभे आहेत उंबऱ्याच्या बाहेर, आणि थेंब पडलेत पायरीवर. अंडं घरात आलंच कुठं?"

"अगं, पण—"

"पण नाही नि बिण नाही. तुमचे तुकडे नसते तर मी रोज उपाशी पळाले असते. बहिणीला मी केव्हाच सांगून टाकलंय, कोंबड्यांची वाट बघू नकोस म्हणून. पुढच्या खेपेला जरा जास्त करा."

म्हातारीनं मुलाच्या अंगातला कोट ओढून काढला. "थंड पाण्यात टाकते. गरम पाणी लागलं तर अंडं कापडातच शिजेल."

"मग गरमच घ्या, आई," सून आत जाता जाता म्हणाली. "यांना शिजवूनच हवं होतं ना? पाव मी देते."