इज म्हणजे कलेक्टर

दुष्काळाची पाहणी करायला दिल्लीहून पथक येणार, असा निरोप नेकनूरजवळच्या त्या गावात आला, तेव्हा दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव म्हणाले, "मी इंग्रजीतच बोलणार." शिकवायचं काम केसरकडं आलं. ती गावची सून, बीए झालेली; संस्थेत दुधाचं फॅट मोजायची.

सुंदररावांना 'नेव्हर' लई आवडला. "टँकर कम्स नेव्हर," ते ठणकावून म्हणाले.

"मामा, नेव्हर कम्सच्या आधी घ्या. अन् टँकर तिसऱ्या दिवशी येतोय की. समटाइम्स म्हणा."

"समटाइम्सला जोर न्हाई."

"पण खरं हाय."

दुसऱ्या दिवशी वाक्यात 'इज' आला आणि घोळ झाला. इज असला की ऑलवेज त्याच्या मागं जातो, हे त्यांना पटेना. "काल पुढं घे म्हणलीस, आज मागं कावून?"

केसरनं जरा विचार केला. "मीटिंगला तुमी संचालकांच्या पुढं बसता. कलेक्टर आले की?"

"त्यांच्या मागं."

"मग इज म्हणजे कलेक्टर."

तेवढ्यावर त्यांचं भागलं.

पथक दुपारी आलं. साहेबानं टँकरचं विचारलं. सुंदरराव उभे राहिले. "टँकर समटाइम्स कम्स. वेल इज ऑलवेज ड्राय." केसरचा जीव भांड्यात पडला. साहेबानं लिहून घेतलं आणि जनावरांचं विचारलं.

हे शिकवलेलं नव्हतं. सुंदररावांनी त्याच आठवड्यात आपल्या दोन म्हशी माजलगावला बहिणीकडं धाडल्या होत्या. दावणीला तीन उरल्या होत्या. खाली बघत ते हळूच म्हणाले, "बफेलो इज ऑलवेज हंग्री."

साहेबाचं पेन थांबलं. पुढं काही न विचारता तो गोठे बघायला निघाला.

गाड्या गेल्यावर सुंदररावांनी विचारलं, "चुकलं का गं कुठं?"

"ऑलवेज अगदी जागेवर होतं, मामा." तीन म्हशींना 'आर' लागतं, हे तिनं सांगितलं नाही.

महिन्याभरात गावाला चारा छावणी मिळाली. इंग्रजीमुळंच मिळाली, असं सुंदरराव कुणी न विचारताही सांगत. पुढच्या मीटिंगला ते म्हणाले, "प्रोसिडिंगमध्ये एक ओळ इंग्रजीत पाहिजे. चेअरमन इज ऑलवेज प्रेझेंट."

केसरनं लिहिलं, "चेअरमन इज युजुअली प्रेझेंट," आणि वही सहीला पुढं सरकवली. सुंदररावांनी ती ओळ दोनदा वाचली, शब्द इजच्या मागंच आहे याची खात्री केली आणि सही ठोकली.