डोंगरावरचा हिरवा ठिपका

लेक डोंगरात हरवून चौथा दिवस होता. निवृत्त बसचालक असलेला तिचा बाप रोज पहाटे पायथ्याशी शोधपथकाच्या तंबूत जाऊन बसत होता.

पहिल्या रात्री त्याने गच्चीवरून डोंगराचे फोटो काढले होते. सकाळी ते मोठे करून पाहिले, तर पूर्वेच्या कड्यावर, मिट्ट काळोखात, एक हिरवट ठिपका! "तिचीच विजेरी!" तो ओरडलाच. शोधपथकाचा प्रमुख पश्चिमेच्या घळीपासून सुरुवात करून शिट्ट्या मारत थोडा आत गेलाही होता. बापाने त्याला गाठून त्याचे पाय धरले, "साहेब, आधी पूर्वेला चला." सगळं पथक दोन दिवस पूर्वेचा कडा पालथा घालत राहिलं. हाती काहीच लागलं नाही.

आज प्रमुखाने मूळ फोटो मागितला आणि नेमका फोन चार्ज होईना. बापाने कोपऱ्यावरचं दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुरुस्तीवाल्याने फोनच्या भोकातला कचरा सुईने काढला. पडदा उजळला, फोटो दिसला, तसा तो हसला. "काका, भूत पकडलंत की!"

"काय?"

"आम्ही ह्याला भूतच म्हणतो. हा बघा खाली डावीकडे रस्त्याचा दिवा. त्याचा उजेड भिंगात शिरतो, आतल्या आत आपटतो आणि फोटोत तिरक्या समोरच्या कोपऱ्यात ठिपका उमटतो. तिथं खरं काही नसतं." त्याने कॅमेरा दुकानातल्या बल्बकडे धरला. पडद्यावर तसाच हिरवा ठिपका. फोन वळवून बल्ब पडद्यावर उजवीकडे नेला, तसा ठिपका डावीकडे पळाला.

दोन दिवस! फोन उचलून बाप धावत सुटला. दुकानदार मागून हाका मारत राहिला.

पायथ्याच्या तंबूत शिरताना त्याला धाप लागली होती. "साहेब, तिथं कोणी नव्हतं. माझीच चूक झाली. पश्चिमेला चला, आत्ताच्या आत्ता."

प्रमुखाने घड्याळ पाहिलं. उजेडाचे तीनच तास उरले होते. तो उठला.

घळीच्या तळाशी ती सापडली तेव्हा सूर्य टेकला होता. पाय मोडलेला, ओठ फाटलेले. श्वास मात्र चालू होता.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणली असती तर वाचवला असता.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ती बोलली. "बाबा, शिट्ट्या ऐकू आल्या होत्या मला. अगदी जवळ. मी जीव खाऊन ओरडले. मग त्या लांब लांब गेल्या."

गप्प राहता आलं असतं. बायको दारातून डोळ्यांनी खुणावतही होती.

"मीच नेल्या त्या लांब," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं.

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळपर्यंत ती वळली नाही. तो खुर्चीवरून हलला नाही. नर्स दोनदा येऊन गेली.

अंधार पडल्यावर ती भिंतीकडे पाहतच म्हणाली, "पाणी दे."

त्याने पेला उचलला. एका हाताने तिची मान उचलून तो तिच्या ओठांना लावला.