एकटीला विचारायचे प्रश्न

दवाखान्यातली नर्स नाझगुल प्रश्न विचारत होती बुरुलायला आणि उत्तरं देत होती तिची सासू झूराआपा. झोप लागते का? लागते की. भीती वाटते का? भीती कसली, माझ्या घरात आहे ती. बुरुलाय आपली गुडघ्यांकडे बघत बसलेली. थोरल्यांसमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, ही किरगिझ घरांची रीत, आणि झूराआपा रीतीला पक्की.

बरं, सासू वाईट म्हणावी तर तसंही नाही. चांगली होती, हीच तर पंचाईत. गेल्या खेपेला सातव्या महिन्यात पोर पोटातच गेलं, तेव्हापासून तिने सुनेला ना पाण्याच्या बादलीला हात लावू दिला, ना फाटकाबाहेर पाऊल टाकू दिलं. फोन स्वतःच्या खिशात. नवरा मिर्बेक रशियात बांधकामावर. त्याच्याशी बोलायचं तेही सासूदेखत. आता पुन्हा सातवा लागला होता. बुरुलायला एकच हवं होतं, बाळंतपणाला आईकडे जायचं. आई घाटापलीकडे, आणि पंधरा दिवसांत बर्फाने घाट बंद होणार.

नाझगुलने नाव नोंदवायच्या निमित्ताने झूराआपाला बाहेर धाडलं आणि दार लावलं. "आता तू बोल," ती म्हणाली.

बुरुलाय बोलली, रडली. पोर हलतंय ना, म्हणून रात्ररात्र पोटावर हात ठेवून जागते. छातीत धडधडतं, श्वास कोंडतो. घरात सगळे पोटाकडे बघतात, तिच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. "एजे, थोरल्या बहिणीसारख्या तुम्ही मला, काहीही करा, पण मला आईकडे पाठवा."

नाझगुलचं काळीज हललं. पण तीही याच गावची. सुनेचं दुखणं घरातल्या थोरलीच्या कानावर घालायचं, एवढंच तिला ठाऊक. तिने बाहेर जाऊन सगळं सांगितलं. फक्त आईकडे जायचं तेवढं गाळलं. सासूच्या तोंडावर ते बोलणं बरं दिसेना.

झूराआपा आत आली ती डोळे पुसतच. तिने सुनेला पोटाशी धरलं.

"एवढी घाबरतेस नि मला सांगायचं नाही होय गं, वेडाबाई? आजपासून माझं अंथरूण तुझ्या अंथरुणाला लागून. क्षणभर एकटी सोडायची नाही तुला. आणि उन्हाळ्यात घाट उघडला की तुझ्या आईलाच बोलावू बाळ बघायला."

मग तिने बुरुलायच्या डोक्यावरचा सैल झालेला रुमाल सोडला आणि नीट घट्ट बांधून दिला.