आबांची सही

भंडाऱ्याच्या दिवशी भोंग्यावर माझं नाव पुकारलं गेलं. "कुमारी डिंपल शालिग्राम, अकरा हजार रुपये!" अमडापुरातल्या बायांनी माझ्या पाठीवरून कौतुकानं हात फिरवले. आपण अकरा हजार दिले, हे मला मात्र भोंग्यावरूनच कळत होतं!

पैसे आबांनी, माझ्या वडिलांनी, बँकेतून परस्पर काढले होते. खातं माझं आणि त्यांचं, दोघांच्या नावावर; कुणाही एकाच्या सहीनं पैसे निघायचे. शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं. चिखलीच्या मेडिकलमध्ये मी चौदा महिने उभ्यानं काढले, तो सगळा पगार त्यातच साठत होता. फार्मसीच्या डिप्लोमाला प्रवेश घ्यायचा होता मला. आबांना जाब विचारला तर म्हणाले, "तुह्याच नावानं देल्ले ना वं? पुण्य तुलेच लागलं."

पुण्यावर कॉलेजात प्रवेश देतात का? माझं डोकं फिरलं. बँकेतून अर्ज आणला, यापुढे पैसे काढायला दोघांचीही सही लागेल असा. त्या अर्जावरच आबांची सही हवी होती. ते अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते. मी कागद पुढे केला.

"काय हाय?"

"बँकेचा कागद."

"तू वाचला ना? मंग झालं."

मातीचे हात पायजम्याला पुसून त्यांनी सही केली. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा लाज वाटली नाही. सुटले बाई, असंच वाटलं.

महिन्याभरानं ते आईच्या चष्म्यासाठी दोन हजार काढायला गेले. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, "काका, मुलीची सही आणा. तुम्हीच तर लिहून दिलंय." मागे रांगेत अर्धं गाव. तिथंच आबांनी गळ्याला हात लावला आणि म्हणाले, "डिंपलची आण, या पैशाले हात लावीन तं." हे मला आईनं सांगितलं. आबा घरी आले आणि पुन्हा मेथीच्या जुड्या बांधायला बसले. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रवेशाची यादी परवा लागली, त्यात माझं नाव आलं. बत्तीस हजार फी, आज पाचच्या आत. नाहीतर जागा पुढच्याला. हातापाया पडून आबांना बँकेत आणलं. माझी सही झालेली पैसे काढायची स्लिप त्यांच्यासमोर धरली.

"आबा, इथं करा."

"नाही."

"जागा जाईल हो माझी."

"तुही आण घेतली मी. मोडू? तुले काही झालं तं?"

"मला काही होत नाही!" मी ओरडलेच. सगळी बँक वळून पाहू लागली.

"मले बी माहीत हाय, काही होत नाही," आबा हळूच म्हणाले. "पण झालं तं?"

रागावू तरी कुणावर? माझ्याच जिवाच्या भीतीनं त्यांचा हात उचलत नव्हता. आणि ही आण मीच त्यांच्यावर आणली होती.

मग ते उठले आणि खिडकीपाशी गेले. "बाई, खात्यातून माह्यं नाव काढाचा कागद द्या."

"देते काका, पण त्याला आठ दिवस लागतात. तोवर दोघांचीही सही लागेलच."

भंडाऱ्याच्या दिवशी हा कागद मिळाला असता तर मी नाचले असते. आता मी त्यांचा हात धरला. "आबा, नाव राहू द्या. पाया पडते तुमच्या."

"तुह्या पैशात माह्यं काय काम हाय?"

साडेतीन वाजत आले होते. खिडकी बंद करायची म्हणून बाई नोटा मोजून आत ठेवत होत्या. आबांनी माझ्याच हातातला पेन घेतला आणि नाव काढायचा कागद टेबलावर सरळ केला.

"वाचा तरी," मी म्हणाले.

"तू वाचशीन ना? मंग झालं."

आणि त्यांनी सही केली.