परत न आलेली वाटी

वालूरच्या त्या वस्तीत सरजाबाईंकडे गेलेली वाटी कधी रिकामी परत आली नव्हती. तुम्ही वरण पाठवा, वाटीतून चार हिरव्या मिरच्या यायच्या. कढी पाठवा, दारातल्या झाडाचं लिंबू यायचं. अगदीच काही नसलं तर शेवग्याचा मूठभर पाला. शेजारणी यावरून त्यांची चेष्टा करायच्या आणि मनातून त्यांना मानायच्याही. म्हणूनच महिना होत आला तरी आपली वाटी परत आली नाही, तेव्हा सत्यशीलेच्या काळजात चर्र झालं.

सत्यशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तोंडाने फटकळ, पण समोरच्याच्या पोटात काही आहे की नाही हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. वाटी आणायचं निमित्त करून ती सरजाबाईंकडे गेली. फळीवर साऱ्या वस्तीच्या वाट्या घासूनपुसून पालथ्या घातलेल्या होत्या. तिची होती, पलीकडच्या धम्मशीलेची होती, पंडितच्या घरची होती.

"मावशी, वाटी नेते माझी."

"देते की मी आणून."

"आता हाय तर नेते."

"रिकामी?" सरजाबाईंनी असं विचारलं, की सत्यशीलेने पुढे केलेला हात मागे घेतला.

चैत्र लागला होता. कापसाचं काम कधीच संपलेलं, लिंबाच्या झाडाने यंदा दगा दिलेला, आणि सरजाबाईंचे गुडघे तर बांधावर उभंही राहू देत नव्हते. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कायम नोकरीला होता, तेव्हा घराला केशरी कार्ड मिळालं. पुढे जिनिंग बंद पडली, नवराही गेला, मूलबाळ नव्हतंच. कार्ड मात्र केशरीचं केशरीच राहिलं आणि त्याच्यावर धान्याचा दाणा मिळत नव्हता. सरकारच्या लेखी बाई अजून खात्यापित्या घरच्या होत्या.

सत्यशीला दुकानदाराला भेटली, ग्रामपंचायतीत गेली, एक दिवस खिचडी दुसरीवर सोपवून सेलूला तहसीललाही जाऊन आली. विधवा बाई, साठीच्या पुढची, कमावतं कुणी नाही. अशांसाठी अंत्योदयचं कार्ड असतं, महिन्याला पस्तीस किलो धान्य. पण त्या कार्डांचा आकडा ठरलेला, कुणी कमी झालं तरच दुसऱ्याला मिळणार. नशिबाने तालुक्यात एक जागा मोकळी होती.

सरजाबाई मात्र अडून बसल्या. "मी गरीब हाय, असं म्या माझ्या हातानं लिवून द्यायचं?"

"गरीब कोण म्हणतंय? म्हातारी हाय, एकटी हाय, एवढंच लिवायचं. ते तरी खरं हाय का न्हाई?"

"ते खरं हाय," सरजाबाईंनी कबूल केलं आणि अंगठा दिला.

आठवड्याने निरोप आला, की पुरवठा निरीक्षक मॅडम गुरुवारी घराची पाहणी करायला येणार आहेत. सत्यशीलेने तो निरोप सरजाबाईंना सांगितला आणि शाळेत निघून गेली. घर आहे तसंच राहू द्या, एवढं सांगायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. ते काय सांगायचं, असं तिला वाटलं असणार.

सरजाबाईंनी ऐकलं ते एवढंच, की आपल्याकडे पाहुणी येणार आहे.

गुरुवारी सकाळी त्या धम्मशीलेकडे गेल्या आणि दोन खुर्च्या मागितल्या. आयुष्यात पहिल्यांदा सरजाबाईंनी कुणापाशी काही मागितलं होतं. धम्मशीलेला आभाळ ठेंगणं झालं. तिने चार खुर्च्या दिल्या, सतरंजी दिली, पाहुण्यांना बातम्या बघायला बऱ्या म्हणून टीव्हीही उचलून दिला. ते ऐकून पंडित मागे राहतो होय? त्याने आपला कुलर आणून ठेवला आणि भिंतीवरून वायर टाकून चालूही करून दिला. सत्यशीलेच्या सुनेने सासूला न विचारता लग्नातला कपबशांचा सेट काढून दिला. ज्या बाईला मदत करायला वस्ती इतकी वर्षं टपून बसली होती, ती एकदाची हातात सापडली होती. मग कोण सोडतंय.

सत्यशीला शाळेतून आली, तेव्हा दारात सरकारी गाडी उभी होती. ती आत डोकावली आणि जागच्या जागी थिजली. उत्तरा मॅडम, वयाने तिच्या मुलीएवढ्या, कुलरसमोर खुर्चीत बसल्या होत्या. टीव्ही चालू होता. पुढ्यात शिऱ्याची बशी होती आणि वाफाळता चहा. सरजाबाई धुवट लुगडं नेसून, डोक्यावरचा पदर सारखा करत, एखाद्या पाटलिणीच्या थाटात उभ्या होत्या.

"खा की, मॅडम."

"नको आजी, कामावर असताना मी कुणाकडे खात नाही." मॅडमनी घरावरून नजर फिरवली. "हा टीव्ही, कुलर तुमचेच का?"

सत्यशीलेचा जीव टांगणीला लागला. सरजाबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या, आणि पाहुणीपुढे उसनवारी सांगणाऱ्याही नव्हत्या.

"आमच्या वस्तीचंच हाय समदं," त्या म्हणाल्या.

सत्यशीलेने मॅडमना खुणेने दारात बोलावलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, माझा विश्वास आहे हो. पण घराचे फोटो जोडावे लागतात. या फोटोवर मी अंत्योदय लिहू कसं? आणि जागा एकच आहे." त्या पुन्हा आत गेल्या. मोबाइल अजून पर्समध्येच होता, फोटो निघाले नव्हते.

सत्यशीला भिंतीच्या कडेने पळत गेली आणि धम्मशीलेला, पंडितला बाहेर काढलं. "चला, आपापलं सामान घेऊन या."

"मॅडमच्या देखत?" धम्मशीलेने तोंडावर हात ठेवला. "मावशी जल्मात बोलायची न्हाई आपल्याशी."

"न बोलायला तरी जित्ती राहू दे तिला," सत्यशीला म्हणाली.

आधी तीच गेली. "मावशी, माझ्याकडं पाव्हणे आलेत. कप नेते." तिने ट्रे उचलला. सरजाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ट्रेमधल्या बशा वाजायला लागल्या. मागून पंडित आला. म्हशीला उन्हाचा लय तरास व्हायलाय, असं काहीबाही पुटपुटत त्याने वायर ओढली आणि कुलर खांद्यावर घेतला. पंडितकडे म्हैस नव्हती. धम्मशीलेला भरदुपारी मालिका बघायची आठवण झाली. टीव्ही गेला, सतरंजी गेली, तीन खुर्च्या गेल्या. चौथ्या खुर्चीवर मॅडम होत्या. धम्मशीला खुर्चीजवळ येऊन नुसती उभी राहिली, तशा मॅडम स्वतःहून उठल्या. हातात तेवढा चहाचा कप राहिला होता. त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि कपही सत्यशीलेला देऊन टाकला.

घरात आता तीन दगडांची चूल होती, दोन पातेली होती, फळीवर पालथ्या वाट्या, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिला सकाळीच वाहिलेलं फूल. सत्यशीलेला वाटलं, आता या बाई खाली बसतील आणि तोंड झाकून घेतील. आपण त्यांचं पोट वाचवायला गेलो आणि त्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडली.

सरजाबाईंनी कोपऱ्यातली गोधडी उचलली, दोनदा झटकली आणि जमिनीवर अंथरली.

"बसा मॅडम," त्या म्हणाल्या. "ही माझी हाय."

सत्यशीला पुढे कितीदा तरी म्हणायची, की आपण पुष्कळ बायका पाहिल्या, पण तशी ताठ मानेची बाई पाहिली नाही. मॅडम गोधडीवर मांडी घालून बसल्या. त्यांनी पिठाचा डबा बघू का म्हणून विचारलं. सरजाबाईंनी तो पुढे केला. तळाशी मूठभर ज्वारीचं पीठ होतं. मॅडमनी डब्याचा, चुलीचा, घराचा फोटो घेतला. मग त्यांची नजर शिऱ्याच्या बशीवर गेली. बशी सरजाबाईंची स्वतःची होती, म्हणून तेवढी मागे राहिली होती.

"आणि हा शिरा, आजी?"

"त्यो पण माझाच."

सत्यशीलेने दाराबाहेर पाहिलं. खुराड्यात कालपर्यंत एक कोंबडी होती. आज खुराड्याचं दार उघडं होतं. रवा, साखर, चहापत्ती कुठून आली, ते तिला कळलं. मॅडमनीही तिच्या नजरेबरोबर बाहेर पाहिलं. त्यांना कितपत कळलं कोण जाणे, पण त्यांनी बशी जवळ ओढली आणि सगळा शिरा खाल्ला, बशी बोटाने पुसून घेईपर्यंत. मग नमस्कार करून त्या निघून गेल्या.

त्यानंतर सरजाबाई वस्तीत कुणाशी बोलल्या नाहीत. सत्यशीला दारावरून गेली की त्या चुलीकडे तोंड करून बसायच्या. सत्यशीलेने स्वतःला समजावलं, न बोलायला जिवंत आहेत ना, झालं. पण रात्री जेवताना घास गोड लागत नव्हता. अंत्योदयचं कार्ड आल्याचंही तिला दुकानदाराकडूनच कळलं.

ज्या दिवशी धान्य मिळालं, त्या दिवशी सरजाबाई संध्याकाळी घराबाहेर पडल्या. काखेत टोपली होती, तिच्यात पदराखाली झाकलेल्या वाट्या. गुडघे सांभाळत, भिंतींचा आधार घेत त्या एकेका दारात थांबत गेल्या. धम्मशीलेची वाटी तिला दिली, पंडितची त्याच्या बायकोला. सगळ्या वाट्या तांदळाने काठोकाठ भरलेल्या होत्या. सत्यशीलेकडे त्या शेवटी आल्या.

"ही घे तुजी वाटी."

"मावशी, हे तुमच्या खायाचं हाय. मला कशाला?"

"लय दिस ठिवून घेतली. रिकामी कशी देऊ?"

सत्यशीलेने दोन्ही हातांनी वाटी घेतली. सरजाबाई उंबऱ्याशी जरा टेकल्या, दम घेतला आणि जायला वळल्या.

"सत्यशीला," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उद्या वरण केलंस तर धाडून दे. आता तुजी वाटी अडकायची न्हाई."