पोसेचा अंगठा

यादवी युद्धानंतरचं पहिलंच मतदान. मकेनी शहरातल्या शाळेत पोसे पहाटेपासून रांगेत उभी होती. नंबर आला, तेव्हा कारकुनाने मान वर न करताच शाईची बाटली पुढे सरकवली. “अंगठा बुडवा, मावशी.”

पोसेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांदे झटकून तिने अंगावरचं कापड पाडलं आणि मनगटापासून तोडलेले दोन्ही हात त्याच्या नाकासमोर धरले.

तो चपापला, पण हेका सोडेना. “शाईशिवाय मत नाही. लोक दोन-दोनदा देऊन जातात.”

“दोनदा? अरे मेल्या, मागे एकदाच दिलं, तर बंडखोरांनी हे केलं!” पायानेच चप्पल भिरकावून तिने पाय टेबलावर आपटला. “एका मतासाठी दोन हात गेले. दोन पाय उरलेत, म्हणजे अजून एक मत निघेल. लाव शाई!”